प्रार्थनामुक्त आठशे मीटर

माणूस जिंकतो तेव्हा त्याच्या जिंकण्यात अनेकांचा वाटा असतो, आणि हरतो तेव्हा तो संपूर्णपणे एकटा असतो, ही गोष्ट जगातल्या सर्व धर्मांनी, सर्व सरकारांनी आणि आमच्या घराने मान्य केलेली आहे.

आमच्या घरातली पद्धत उदाहरणादाखल देते. सहामाहीत मला गणितात एक्क्याऐंशी मार्क मिळाले. ती प्रभूची कृपा. भूगोलात बेचाळीस मिळाले. त्या माझ्या टिवल्याबावल्या. दोन्ही पेपर एकाच आठवड्यात, एकाच पेनने आणि एकाच मुलीने लिहिले होते, हे मी नम्रपणे निदर्शनास आणून दिलं. त्यावर बाबा म्हणाले, "आभा, कृपा वरून येते. टिवल्याबावल्या आतून येतात." बाबांचं नाव प्रभाकर. ते सरकारी कचेरीत हेडक्लार्क आणि आमच्या मंडळीच्या पंचकमिटीचे सचिव आहेत, त्यामुळे त्यांच्या निर्णयावर पृथ्वीवर अपील नाही आणि स्वर्गातही त्यांची ओळख आहे.

आमची मंडळी म्हणजे पनवेलमधली एक छोटीशी ख्रिस्ती मंडळी. साठेक माणसं, एक पेटी, तबल्याची जोडी (डग्गा फुटका) आणि एक पाळकसाहेब. दर नोव्हेंबरात आमचा हंगामाचा सण असतो. सकाळी उपासना होते, मग लोकांनी वाहिलेल्या भोपळ्यांचा, तांदळाचा आणि कोंबड्यांचा लिलाव होतो, आणि दुपारी शर्यती. सगळ्यात मानाची शर्यत मुलींची आठशे मीटर. ती सर्वांना खुली. तिची एक फिरती ढाल आहे. फिरती म्हणायची एवढंच. दोन वर्षं ती गव्हाणला वेणूच्या घरी तांदळाच्या डब्यावर बसून होती.

वेणू माझ्या वर्गात आहे. मंडळीच्या रविवारच्या शब्बाथशाळेला ती केकसाठी येते आणि तसं तोंडावर सांगते (आमच्यातले कित्येक जण सांगत नाहीत). तिची एसटी रोज सुटलेली असते आणि ती रोज पकडते. यापलीकडे तिच्या सरावाबद्दल काही माहिती उपलब्ध नाही.

मी दोन्ही वर्षं दुसरी आले. दुसरी येणं हे अर्थातच माझं स्वतःचं काम होतं. पहिली आले असते तर ते आईच्या साखळीचं झालं असतं. साखळी म्हणजे साखळी-प्रार्थना. माझी आई शोभा, भगिनी मंडळाची अध्यक्ष. शर्यतीच्या आदल्या दिवसापासून एकेक भगिनी अर्ध्या अर्ध्या तासाने माझ्यासाठी प्रार्थनेला बसते. पहिलीने आमेन म्हणायच्या आत दुसरीने सुरू करायचं, म्हणजे वर गेलेला दोर मध्येच तुटत नाही. अशा भक्कम व्यवस्थेत मी जिंकले तर माझे पाय हे फक्त निमित्त. त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याऐंशी साली, मला एकच गोष्ट हवी होती. ढाल. आणि ती माझी म्हणून.

सुदैवाने त्याच वर्षी सोलचं ऑलिंपिक झालं.

तिथे शंभर मीटर सगळ्या जगाच्या पुढे पळालेल्या एका गृहस्थांचं पदक तिसऱ्या दिवशी काढून घेतलं. त्यांनी औषध घेतलं होतं. पनवेलमध्ये याचा मोठा धक्का बसला. आमच्याकडे औषध घेतलेला माणूस झोपून राहतो. औषध घेऊन पळणारा पनवेलने पाहिलेला नव्हता. पाळकसाहेबांनी, म्हणजे रेव्हरंड अविनाश यांनी, पुढच्याच रविवारी त्यावर उपदेश केला. तो लांबला, पण मी खरं सांगते, मला तो अतिशय आवडला.

ते म्हणाले, शरीर आपल्या मालकीचं नाही, देवाने ते वापरायला दिलेलं आहे; भाड्याच्या खोलीत मालकाला न विचारता कोणी भिंत पाडतं का? (इथे सगळ्यांनी खजिनदार काशिरामकाकांकडे पाहिलं. त्यांनी पाडली होती.) पुढे म्हणाले, औषध घेऊन जो शेजाऱ्याच्या पुढे जातो तो पळत नाही, चोरी करतो, शेजाऱ्यावर प्रीती करा अशी आज्ञा आहे, त्याच्या पुढे कसंही करून जा अशी नाही. आणि शेवटी म्हणाले, आपलं दुबळेपण देवापुढे न्यायचं असतं, सुईने झाकायचं नसतं. मंडळीला भरून आलं. आमच्या मंडळीला भरून आलं की उपसमिती नेमतात.

शर्यत-शुद्धी उपसमितीत तिघं होते: पाळकसाहेब, बाबा आणि अरुंधतीबाई. अरुंधतीबाई मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. त्यांना सगळं पनवेल सिस्टर म्हणतं आणि त्या सगळ्या पनवेलला "जीभ दाखव" म्हणतात.

व्याख्या बाबांनी केली. "उत्तेजक म्हणजे अशी कोणतीही बाब, जी स्पर्धकाच्या अंगी मुळात नसून बाहेरून आलेली आहे, व जिच्या योगे स्पर्धक एरवी धावला असता त्याहून अधिक वेगाने धावतो." बाबा या व्याख्येवर इतके खूश होते, की त्यांनी ती आधी आईला, मग शेजाऱ्यांना आणि शेवटी भाजीवालीला वाचून दाखवली. भाजीवाली म्हणाली, "बरोबर हाय, पन कोथमिर दोन रुपयेच."

सदर व्याख्येनुसार पुढील बाबींवर बंदी आली:

ग्लुकोजची पावडर.

च्यवनप्राश, कच्चं अंडं, आणि दुधात घातलेली कोणतीही गोष्ट (दुधासह).

सुकटीची चटणी. (गव्हाणच्या लागोपाठच्या विजयांमागे दुसरं कारण सापडेना.)

नवे कॅनव्हासचे बूट. (मला आणलेले. बाबांनी स्वतःच्या हाताने कपाटात ठेवले. असा निःपक्षपाती माणूस घरात असणं हे फार त्रासाचं असतं.)

मागे लागलेलं कुत्रं.

कुत्र्यावर पुष्कळ ऊहापोह झाला. ते बाहेरून येतं, हे निर्विवाद. त्याच्यामुळे माणूस एरवीपेक्षा जोरात पळतो, हेही सिस्टरांनी स्वानुभवाने सांगितलं. सबब कुत्रं उत्तेजक ठरलं.

आता तपासणी. सोलला म्हणे यंत्रं होती. सिस्टरांकडे एक स्पिरिटचा दिवा, काचेच्या नळ्या आणि दवाखान्याने निरोप देताना दिलेली निळ्या औषधाची बाटली होती. त्या औषधात लघवी घालून उकळायची. निळं राहिलं तर निर्मळ, हिरवं झालं तर संशय, विटकरी झालं तर साखर. दुसरी कुठलीही गोष्ट त्या औषधाला ओळखता येत नव्हती. पण ग्लुकोज म्हणजे साखर आणि बंदीच्या यादीत ग्लुकोज पहिलं, म्हणजे सुरुवात तर बरोबर झाली, असं उपसमितीने समाधान मानलं.

सराव म्हणून सणाच्या आधीच्या शनिवारी सगळ्या वयाच्या सगळ्या स्पर्धकांची तपासणी झाली. शब्बाथशाळेतली पोरं निळी. मी निळी. वेणू निळी. काशिरामकाका, बटाटा-शर्यतीचे सलग सहा वर्षांचे विजेते, विटकरी. नवीन पनवेलच्या वीटभट्टीतून आत्ता काढल्यासारखे.

"काशिराम," सिस्टर म्हणाल्या, "हे ग्लुकोज कधीपासून चालू आहे?"

"देवाशपथ सिस्टर, मी ग्लुकोज बघितलंसुद्धा नाही! आपली थोडी जिलबी फक्त…"

"कुठे?"

"स्टँडवर."

"कधी?"

"जाता-येता."

"तरीच!" गंगाबाई मागून कडाडल्या. या काशिरामकाकांच्या पत्नी. "तरीच घरी आल्यावर भाकरी बघून तोंड वाकडं होतंय! मला सांगतात, कचेरीत काम फार, भूकच मेली!"

काशिरामकाकांवर बटाटा-शर्यतीची आणि जिलबीची बंदी आली आणि त्यांना डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. क्रीडाक्षेत्रातल्या उत्तेजकविरोधी मोहिमेने प्रत्यक्ष एका माणसाचं भलं केल्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण. काकांना मात्र ते अजून पटलेलं नाही.

एवढ्यावर सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण त्याच शनिवारी बाबांचं लक्ष वेणूच्या कपाळाकडे गेलं. तिथे तिच्या आजीने लावलेला गावदेवीचा अंगारा होता.

"हे बघ बेटा," बाबा म्हणाले, "कोणाच्याही श्रद्धेला आमचा विरोध नाही. पण अंगारा हा बाहेरून आलेला आहे."

"मंग पुसू?"

"पूस."

वेणूने मनगटाने कपाळ पुसलं. मग ते मनगट फ्रॉकला पुसलं. आणि विचारलं, "नि आभाच्या आयशीची ती साकली? ती काय आतनं येते?"

बाबांनी बंदीची यादी वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचून काढली.

"वेणू, प्रार्थना म्हणजे औषध नव्हे," पाळकसाहेब प्रेमाने म्हणाले.

"मंग तिचा काय उपेग नाय?"

"असं कसं! प्रार्थनेत फार मोठं सामर्थ्य आहे."

"मंग आभा जोरात पलंल ना त्यानं."

पाळकसाहेबांनी तोंड उघडलं. मग मिटलं. मी त्यांचे दोनशे तरी उपदेश ऐकले असतील. हा त्यातला सर्वांत आटोपशीर.

प्रश्न सरळ होता. प्रार्थनेने पळणारीचा वेग वाढतो म्हणावं, तर व्याख्येप्रमाणे ते उत्तेजक. वाढत नाही म्हणावं, तर भगिनी मंडळ इतकी वर्षं काय करत होतं? आणि हा दुसरा प्रश्न खुद्द भगिनी मंडळच विचारायला येईल, हे लक्षात आल्यावर उपसमितीने पहिलं मत एकमताने स्वीकारलं. बाबांनी त्याच बैठकीत कलम लिहिलं: शर्यतीच्या आदल्या दिवसापासून कोणीही, कोणत्याही स्पर्धकासाठी, मोठ्याने, हळू, मनात, उभ्याने वा गुडघ्यांवर प्रार्थना करू नये. पाळकसाहेब प्रामाणिक माणूस. ते म्हणाले, प्रार्थनेला शब्द लागतातच असं नाही. दुसऱ्यासाठी मनात आलेली चांगली इच्छा देवाला पोचतेच. बाबांनी लगेच जोडलं: "किंवा नुसती इच्छाही करू नये."

"निदान 'तुझ्या इच्छेला येईल ती जिंको' एवढं तरी?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"ती प्रार्थना नव्हे साहेब," बाबा म्हणाले. "ते निकालाची आगाऊ प्रत मागणं झालं."

एसटी स्टँडवर सोडायला जाताना मी वेणूला म्हटलं, "मुद्दाम विचारलंस ना?"

"मंग! माज्या घरी पन तसंच हाय. मी पलते नि नारल देवीला."

"देवी कुठे खाते? आजी खाते."

"तेच सांगते! मी पलते, म्हातारी खाते. मला खवलेला पन गावत नाय." तिची एसटी सुटली होती. "या खेपेला तू नि मी. दुसरं कोन नाय." आणि ती पळाली. एसटी मिळाली.

घरी आई दोन दिवस माझ्याशी ताटातल्या पदार्थांपुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी पोळपाट आपटून म्हणाली, "तू तापात पडली होतीस तेव्हा रात्रंदिवस बसले मी गुडघ्यांवर. तेव्हा नाही कोणी कलम घेऊन आलं!"

"आई, एकदाच. एकदाच मला माझ्या पायांनी पळू दे ना."

"पाय कोणी दिले?"

"दिलेत ना पण आधीच? मग परत परत काय मागायचं त्याच्याकडे? त्यालाही वाटेल, दिलेले वापरतच नाहीत ही माणसं."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग तव्याकडे वळली. पोळी जरा करपली होती. ती तिने स्वतःच्या ताटात घेतली.

शर्यतीचं मैदान म्हणजे विचुंब्याच्या बाजूला प्लॉट पाडण्यासाठी सपाट केलेली जमीन. फक्कीने धावपट्टी आखली होती. तिच्यावरून आदल्या दिवशी न्हावा शेव्याच्या नव्या बंदराकडे भराव नेणारा एक डंपर जवळचा रस्ता म्हणून गेला होता आणि शेवटच्या वळणावर चाकाची खोल चाकोरी सोडून गेला होता. उपसमितीने डंपरचा विचार केला होता. तो बाहेरून आलेला होता, पण त्याने कोणाचा वेग वाढत नव्हता, म्हणून त्याच्यावर कारवाई करता आली नाही.

खरी अडचण प्रेक्षकांची होती. साठ ख्रिस्ती माणसांना एका मैदानात उभं करायचं, समोर त्यांचीच पोर पळवायची, आणि मनात काही येऊ द्यायचं नाही. मन रिकामं राहिलं की त्यात प्रार्थना शिरते, हे पाळकसाहेबांनी अनुभवाने सांगितलं. त्यावर बाबांनी तोडगा काढला. पाढे. तेही सोपे नकोत, सोपा पाढा तोंड म्हणतं आणि मन मोकळं राहतं. ठरलं एकोणतीसचा.

वाचकहो, तुम्ही ते दृश्य पाहायला हवं होतं. मैदानाच्या कडेने मंडळी रविवारच्या कपड्यांत रांगेने उभी, मुद्रा गंभीर, आणि सगळ्यांच्या तोंडून एका सुरात एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. रस्त्यावरून जाणाऱ्या एका सायकलवाल्याने उतरून चपला काढल्या आणि हात जोडले. (त्याने कोणासाठी जोडले, याची चौकशी करायला बाबा निघाले होते. तो घाबरून गेला.) गंगाबाईंना पाढे बारापर्यंतच येत. त्या नुसतं "एकोणतीस, एकोणतीस" म्हणत होत्या आणि उपसमितीचं त्यांच्यावर विशेष लक्ष होतं.

शेवटच्या रेषेवर पंच म्हणून स्टॉपवॉच घेऊन पाळकसाहेब. त्यांच्याजवळ पाण्याचा तांब्या घेऊन आई. ओठ हलत होते. पाढाच होता, बाबांनी जवळ जाऊन ऐकला.

शिट्टी झाली.

पळतानाचं मला फारसं आठवत नाही, आणि मी इथे पळण्याचं सुंदर वर्णन करावं अशी कोणाची अपेक्षा असल्यास ते वर्णन बाहेरून आणावं लागेल. वेणू पुढे होती. तिच्या टाचा दिसत होत्या, फक्कीने पांढऱ्या झालेल्या. पहिल्या फेरीत त्या लांब होत्या. दुसऱ्या फेरीत मोठ्या दिसायला लागल्या. शेवटच्या वळणावर मी तिच्या खांद्याला आले, आणि मनात म्हटलं, आभा, साखळी नाही, दोर नाही, वर कोणी धरलेलं नाही, आणि तरी तू इथे आहेस. एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. त्या आनंदात मी खाली बघितलं नाही. चाकोरीत पाय गेला आणि मी तोंडावर आपटले.

पाढा "एकोणतीस सत्ते"वर थांबला.

"अगं देवा!"

"प्रभू! प्रभू!"

"सांभाळ रे बापा लेकराला!" (गंगाबाई. पण त्यांना एकटीला दोष देणं बरोबर होणार नाही.)

इथे आमच्यातली एक रीत सांगायला हवी. आम्ही प्रार्थना डोळे मिटून करतो. अगदी लहानपणापासून. घास तोंडाशी आला की तोंड आपोआप उघडतं, तसे आमच्या ओठांवर देवाचं नाव आलं की डोळे आपोआप मिटतात. तेव्हा कडेला उभ्या साठच्या साठ माणसांनी, बाबांसकट आणि सिस्टरांसकट, शर्यतीच्या ऐन शेवटी डोळे घट्ट मिटले.

त्या ओरड्याने वेणूने मागे वळून पाहिलं. पाय आवरले. "मेलीस काय गो?"

"नाही! पळ तू!" मी मातीतून ओरडले.

ती पळाली. माझा गुडघा सोलवटला होता, तोंडात माती होती, आणि सगळीकडे एक विचित्र शांतता होती. त्या शांततेत फक्त एक आवाज चालू होता. एकटा, थोडा कापरा, पण चुकत नव्हता.

"सत्ते दोनशे तीन. एकोणतीस अठ्ठे दोनशे बत्तीस."

आई.

"एकोणतीस नव्वे दोनशे एकसष्ट."

मी उठले. पळाले. वेणूच्या टाचा, वेणूचा खांदा, वेणूचा श्वास, रेषा. आम्ही दोघी पुढे जाऊन एकमेकींवर कोसळलो. मागून साठ कंठांतून "आमेन" आलं आणि मंडळीने डोळे उघडले.

सगळ्यांनी पंचांकडे पाहिलं. पंचांचे डोळे अजून मिटलेले होते. स्टॉपवॉच चालूच होतं.

उपसमितीची तातडीची बैठक जागेवरच झाली.

"धूळ गेली डोळ्यांत," पाळकसाहेब म्हणाले.

"दोन्ही?" बाबांनी विचारलं.

"दोन्ही."

"आणि ओठ का हलत होते?"

"धूळ थुंकत होतो."

बाबांनी ते इतिवृत्तात घेतलं. त्याच्याच खाली, सचिवांचे डोळे तांत्रिक कारणास्तव बंद होते, असंही लिहिलं. मी मघाशी म्हटलं ना, निःपक्षपाती माणूस.

मग प्रार्थना कोणी केली ते हात वर करून सांगा म्हटल्यावर मंडळीने माना खाली घातल्या, आणि काही जणांनी लाजेच्या भरात पुन्हा डोळे मिटले. आता पेच पडला. आभा जिंकली असेल तर ती साठ जणांच्या प्रार्थनेवर जिंकली, म्हणजे उत्तेजक, म्हणजे बाद. आणि आभा हरली असेल, तर साठ जणांनी एकाच वेळी मनापासून केलेली प्रार्थना भर मैदानात निष्फळ ठरली, आणि असं इतिवृत्तात लिहिता येत नाही. सिस्टरांनी आमचे नमुने घेतले. दोघीही निळ्या. त्याने कोणाचंच समाधान झालं नाही.

तेवढ्यात आई पुढे आली. "मी बघितलंय. डोळे उघडे होते माझे."

"तुम्ही स्पर्धकाच्या नातेवाईक," बाबा तिला म्हणाले. (मैदानावर ते तिला अहोजाहो करतात.) "तुमची साक्ष घेता येत नाही."

"अहो, पण मी मुलीच्या विरुद्ध सांगतेय!"

"विरुद्ध असली तरी नातेवाईकच."

निकाल राखून ठेवण्यात आला. तो अजून राखलेला आहे. ढाल मंडळीच्या कपाटात आहे, आणि किल्ली खजिनदारांकडे, जे स्वतः बंदीखाली आहेत.

आईने तांब्या आमच्यासमोर धरला. आधी वेणूला पाजलं, मग मला. मग म्हणाली, "वेणू. वीतभर."

"नक्की?" मी विचारलं.

"नक्की." माझ्या गुडघ्यावर पदर ओला करून दाबत ती खालच्या आवाजात म्हणाली, "पण उठलीस ती तूच हो. मी बघत होते ना. कोणी उचललं नाही."

वेणूने ढालीबद्दल चकार शब्द काढला नाही. पिशवीतून आजीने देवीसाठी दिलेला नारळ काढला, डंपरने टाकलेल्या दगडावर फोडला, पाणी स्वतः प्यायली आणि मोठी कवड मला दिली.

"हरलेलीला मोठी?"

"चाकोरीत परलीस ती मोटी परलीस ना," ती म्हणाली. "खा. या खेपेला म्हातारीला करवंटी."

संध्याकाळी बाबांनी घरी विचारलं, "हरलीस म्हणे?" मी हो म्हटलं. सवयीने ते "टिव—" एवढं म्हणाले, मग माझ्या गुडघ्याकडे त्यांचं लक्ष गेलं, आणि पुढचा शब्द त्यांनी गिळला. ज्यांचे वडील सरकारी नोकरीत आहेत त्यांना कळेल, की लिहायला घेतलेला शेरा अर्ध्यावर सोडणं ही किती मोठी गोष्ट आहे. नवे बूट दुसऱ्या दिवशी कपाटाबाहेर आले होते.

आता एकच काम उरलं. उपसमितीची चौकशी अजून चालू आहे, आणि तिच्या कक्षेत मैदानावरचेच लोक येतात असं कलमात कुठेही म्हटलेलं नाही. तेव्हा तुम्हाला विचारणं मला भाग आहे. मी चाकोरीत पडले ते वाचताना तुमच्या मनात काय आलं? "ऊठ गं," असं आलं का? शब्द नसतील, नुसती इच्छा असेल, तरी ती कलमात बसते. आली असेल, तर तुम्ही स्पर्धकाला बाहेरून उत्तेजक पुरवलंत. आपलं नाव, पत्ता आणि नमुना सिस्टरांकडे पोचता करावा.

आणि तसं काहीच आलं नसेल, तर तुम्ही निर्मळ आहात. उपसमितीला तुमच्याविषयी काही म्हणायचं नाही.

मला आहे.